झोपेतून उसनं घेऊ नकोस

प्रिय बाळ,

तुझी मेल मिळाली. मजकुराच्या आधी माझी नजर वेळेवर गेली. पावणेदोन. पहाटे साडेपाचला तुला पाण्यात उतरायचं होतं, म्हणजे त्या रात्री तू फार तर तीन तास झोपलीस. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथेच मिळालं.

तू विचारतेस, ऑरगॅनिक केमिस्ट्री ड्रॉप करू, की तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी कट्टर प्रतिस्पर्धी कॉलेजाविरुद्ध होणाऱ्या पोहण्याच्या मीटला, म्हणजे स्पर्धेला, जाणं रद्द करू? दोन्ही करू नकोस. कोर्सही ठेव, मीटलाही जा. तू फक्त या दोन गोष्टी तराजूत घातल्या आहेस. तिसरी गोष्ट तू कधीच मोजायची सोडून दिलीस, कारण ती ओरडत नाही. ती म्हणजे झोप. पुढे मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस: झोपेतून उसनं घेऊ नकोस.

आधी ड्रॉपचं बघू, कारण त्याची मुदत पुढच्या आठवड्यात संपते आहे आणि मोकळ्या हवेसाठी खिडकी उघडावी इतक्या सहज तू तो विचार करते आहेस. तुझी या सत्राची क्रेडिट्स १४. ऑरगॅनिक प्रयोगशाळेसकट ४ क्रेडिट्सचं. ते गेलं की उरली १०. एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमाप्रमाणे स्पर्धेत उतरायला त्या सत्रात पूर्णवेळ, म्हणजे किमान १२ क्रेडिट्सची नोंदणी लागते. बाराच्या खाली आलीस की तू अपात्र. म्हणजे ज्या शनिवारसाठी कोर्स सोडायचा, त्याच शनिवारी तू काठावर टॉवेल धरून बसशील. शिवाय तू तिथे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेस. तिथेही पदवीच्या विद्यार्थ्याला १२ क्रेडिट्सच लागतात. त्याखाली जायचं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओची, म्हणजे व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याची, आगाऊ परवानगी हवी, आणि 'मोठी मीट आहे' हे कारण त्या यादीत कुठेच बसत नाही. संगणकावर ड्रॉपचं बटण दाबताना यातलं काहीही समोर येत नाही. बटण दाबलं जातं आणि गोंधळ दोन दिवसांनी कळतो.

पुढचंही बघ. एनसीएएला तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीची ४० टक्के क्रेडिट्स पूर्ण लागतात, चौथ्याच्या सुरुवातीला ६०, पाचव्याच्या ८०. तुझी पदवी १२० क्रेडिट्सची आणि तू दुसऱ्या वर्षाला, म्हणजे या वर्षअखेरीस ४८ हवीत. सोडलंस तरी ५२ होतील, वरकरणी भागतं. पण तुझ्या पदवीला लागू होणारीच क्रेडिट्स त्यात धरतात, आणि पहिल्या वर्षी तू हौसेने घेतलेले दोन कोर्स त्यात धरले जातात का, हे तू अजून विचारलेलं नाहीस. शिवाय ऑरगॅनिकचा पहिला भाग अनेक ठिकाणी फक्त शरद सत्रात असतो. तो सुटला की दुसरा भाग वर्षभर लांबतो आणि त्याच्या मागे बायोकेमिस्ट्री. साखळी आहे ती, एक कडी काढून बाजूला ठेवता येत नाही.

आता ती मीट. तू लिहिलंस, 'काका, इथे सगळं कॅम्पस याच शनिवारबद्दल बोलतंय.' बोलू दे. तुला आठवण करून देतो की १६ प्रकारांच्या ड्युअल मीटमध्ये, म्हणजे दोनच संघांच्या स्पर्धेत, गुण कसे पडतात. १४ वैयक्तिक प्रकार, प्रत्येकात पहिल्या पाचांना ९, ४, ३, २, १. दोन रिले, ११, ४, २. एकूण ३००. तुझी २०० यार्ड फ्लाय (बटरफ्लाय) जिंकलीस तर ९, दुसरी आलीस तर ४. संघाला ते ५ गुण महत्त्वाचे आहेत, आणि तू ते मिळवावेस अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण एका ५ गुणांच्या फरकासाठी ४ क्रेडिट्स, पात्रता आणि व्हिसा पणाला लावायचा सौदा कुणी शुद्धीवर असताना करेल का?

आणि हे लक्षात घे की तुझ्या कोच या मीटसाठी तुम्हाला टेपर, म्हणजे मोठ्या स्पर्धेआधी सराव कमी करून दिलेली विश्रांती, देणारच नाहीत. टेपर मिळणार फेब्रुवारीत, कॉन्फरन्सच्या, म्हणजे तुमच्या कॉलेजगटाच्या अजिंक्यपद स्पर्धेच्या, आधी. नोव्हेंबरच्या मध्याला तुम्ही सगळ्याच जणी जड सरावाच्या ऐन मध्यावर असाल. समोरच्याही. खांदे दगडासारखे असतील, वेळा तुझ्या सर्वोत्तम वेळेपेक्षा मागे असतील, आणि तसंच अपेक्षित आहे. आता तीन आठवडे जादा पोहून त्या दिवशीची फिटनेस वाढत नाही. शेवटच्या दहा दिवसांत केलेल्या जबर मेहनतीचा फायदा शरीरात उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो, थकवा मात्र लगेच उतरतो. अशा मीटमध्ये दोन थकलेल्या मुलींतली जी कमी थकलेली असते, ती शेवटच्या ५० यार्डांत पुढे निघते.

कॉलेजाकॉलेजांतल्या अशा वैराचा उगमही तुला माहीत असावा. अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे हार्वर्ड आणि येलची नौकाशर्यत, ३ ऑगस्ट १८५२, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी सरोवरावर. ती भरवली एका रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्याने. गाडीला प्रवासी मिळावेत म्हणून त्याने दोन्ही संघांचा खर्च उचलला. पहिल्या दिवसापासून या गलक्यात कुणाचा तरी धंदा होता. पण तारीख पुन्हा वाच. ऑगस्ट, ऐन सुट्टी. ती मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वल्ही मारत नव्हती. गलका तेव्हाही दुसऱ्यांचा होता आणि आजही आहे. त्याचं बिल तुझ्या झोपेवर फाडलं जातंय, हे मात्र नवीन आहे.

आता तास मोजू. कागद घे. आठवड्याचे १६८. झोप ६०. वर्गातले तास आणि प्रयोगशाळा मिळून १८. अभ्यास, एका क्रेडिटला दोन तास धरून, २८. सराव आणि स्पर्धा २०, कारण हंगामात आठवड्याला २० आणि दिवसाला ४ तास हीच एनसीएएची कमाल मर्यादा आहे. त्याभोवतीचे न दिसणारे १०: कपडे बदलणं, शॉवर, खांद्यावर बर्फ, फिजिओ, तलावापर्यंतची चाल. खाणंपिणं १४. बेरीज १५०. उरले १८. मीटच्या आठवड्यात बसचे जाऊन-येऊन ८ जातात. एनसीएएच्या हिशेबात स्पर्धेचा दिवस सरसकट ३ तासांचा धरतात, पण वॉर्म-अपपासून शेवटच्या रिलेपर्यंत तू तलावावर सहा तास असशील, म्हणजे आणखी ३. उरले ७. त्यात कपडे धुणं आलं, घरी फोन आला, रडून घेणंही आलं. जागा तंग आहे, पण आहे. तू ६० च्या जागी ४० लिहून वीस तास 'कमावलेस', आणि तरीही तुला वेळ पुरत नाही. का, ते सांगतो.

ऑस्ट्रेलियातल्या अव्वल जलतरणपटूंच्या झोपेची मोजणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पहाटे ६ चा सराव असलेल्या रात्री ते सरासरी ५.४ तास झोपत होते, सुट्टीच्या आदल्या रात्री ७.१. म्हणजे जगातले चांगले पोहणारेसुद्धा लवकर उठायचं म्हणून लवकर आडवे झाले, तरी कमीच झोपतात. आणि पहाट कापली की रात्रीच्या शेवटच्या भागातली स्वप्नांची झोप सगळ्यात जास्त कापली जाते. झोपेअभावी काय बिघडतं ते तुझ्याच शर्यतीत दिसेल. ब्लॉकवरून सुटायला उशीर होतो. टर्ननंतर पाण्याखालच्या पाच किक ठरलेल्या असताना तू तिसरीलाच वर येतेस. तेवढाच वेग जास्त जड वाटतो, म्हणून सहाव्या लॅपपासून हात पाण्यातून नीट बाहेर निघत नाहीत. ऑरगॅनिकच्या पेपरातही हेच. तू एकच पान तीनदा वाचतेस, म्हणून तुझे अभ्यासाचे २८ तास ४० होतात आणि ते जादा १२ तू पुन्हा झोपेतूनच काढतेस. कर्ज फेडायला कर्ज. उलट बाजूने, स्टॅनफर्डच्या ११ बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे दहा तास अंथरुणात घालवायला सांगितलं, तेव्हा त्यांची ठरलेली धाव १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. अभ्यास छोटा होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्याच्यावर इमले बांधू नकोस. पण कमी झोपून कुणी वेगवान झाल्याचं मला दाखव.

मला हट्टी म्हणतात या बाबतीत. असू दे. इतका अडून बसतो त्याचं कारण हे की ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मीही वर्षानुवर्षं 'थोडं जागून काढ, आठवडाभराचाच तर प्रश्न आहे' असंच सांगत आलो. तो आठवडा एकटा कधी येत नाही. तुझंच बघ: मध्यावर ही मीट, महिनाअखेरीस मिडसीझन इन्व्हिटेशनल, डिसेंबरात फायनल परीक्षा, मग हिवाळी ट्रेनिंग, मग कॉन्फरन्स. कुठल्या आठवड्यात उसनं फेडणार आहेस?

तू लिहिलेल्या त्या 'ऐच्छिक' पहाटेच्या सत्राबद्दल. 'कोच म्हणाल्या, यायलाच हवं असं नाही, पण कोण येतं ते मी बघते.' बाळ, हे ऐच्छिक नव्हे. खेळाडूने स्वतःहून मागितलेलं, हजेरी न लागणारं, कोचला कळवावं न लागणारं आणि न आल्याची शिक्षा नसलेलं, तेच एनसीएएच्या लेखी ऐच्छिक. 'मी बघते' म्हटलं की ते २० तासांत धरलं पाहिजे. रात्री ९ ते पहाटे ६ च्या दरम्यान सलग आठ तास कुठलीही सक्तीची गोष्ट ठेवता येत नाही, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. फसू नकोस मात्र: रात्री ९ ला मोकळं केलं तर पहाटे ५ ला बोलावणं नियमात बसतं. नियम तेवढी परवानगी देतो, अभ्यास करणारं शरीर देत नाही. भांडायला जाऊ नकोस. २०२५ पासून रोस्टरवर, म्हणजे संघात किती खेळाडू ठेवायचे यावर, मर्यादा आल्या आहेत, संघातून गळण्याची तुला भीती वाटते हे मला कळतं. कोचना एवढंच सांग: 'सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या पहाटेला मी पूर्ण ताकदीने येते. मंगळवार-गुरुवारी मला झोप हवी आहे, कारण त्या दिवशी संध्याकाळचा मुख्य सेट चांगला जातो. मंगळवारच्या वेळा बघून ठरवा.' आणि मग मंगळवारी पोहून दाखव. कोचना आकडा कळतो.

आता परीक्षा. मिडटर्म शुक्रवारी दुपारी १ ला, बस १२ ला. तुला हे आत्ता, तीन आठवडे आधी कळलंय, असं नाही. दोन्ही तारखा सत्राच्या पहिल्या आठवड्यात तुझ्याकडे होत्या. याचा मला राग आला, हे लपवत नाही. प्रवासाचं पत्र सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक प्राध्यापकाच्या हातात पडलं पाहिजे, सगळ्या तारखांसकट, एका पानावर. पुढच्या सत्रात यात चूक नको.

अजून उशीर झालेला नाही. अ‍ॅथलेटिक्सच्या शैक्षणिक सल्लागाराकडून आज प्रवासपत्र घे आणि उद्या प्राध्यापकांच्या ऑफिसच्या वेळेत स्वतः जा. मेलवर हे काम होत नाही. सवलत मागितल्यासारखं बोलू नकोस, पर्याय घेऊन जा: 'सर, संघाची बस शुक्रवारी १२ ला निघते. मी पेपर गुरुवारी दुपारी किंवा शुक्रवारी सकाळी ९ ला द्यायला तयार आहे. परीक्षा केंद्रात पर्यवेक्षकाची सोय होऊ शकते.' ते म्हणतील, हॉटेलवर रात्री दे, सोबतचा कर्मचारी पर्यवेक्षण करेल. असं पुष्कळ ठिकाणी करतात. नम्रपणे नको म्हण. चार तासांच्या बसनंतर रात्री ८ ला पेपर दिलास तर १० ला संपेल, डोकं १२ पर्यंत ऑरगॅनिकच्या अभिक्रियांचे बाणच काढत बसेल, आणि शनिवारच्या फ्लायची झोप गेली. शुक्रवारी सकाळी ९ हीच तुझी वेळ. त्या दिवशी पहाटेचा सराव हलका करून घे किंवा सोड. प्राध्यापक अडूनच बसले तर फॅकल्टी अ‍ॅथलेटिक्स प्रतिनिधीकडे जा. एनसीएएच्या प्रत्येक सदस्य कॉलेजात हे पद असतं आणि ती व्यक्ती अध्यापकांतली असते, म्हणून तिचा शब्द दुसरा प्राध्यापक ऐकतो. शेवटचा उपाय म्हणून जा, पहिल्याच दिवशी नको.

तीन आठवड्यांत ऑरगॅनिक कसं करायचं, तेही सांगतो, कारण तुझी खरी भीती तिथे आहे. मिडटर्म एसएन१, एसएन२, ई१, ई२ या अभिक्रियांच्या चार प्रकारांवर आहे. या भागात मुलं पडतात ती सोडवलेली उत्तरं वाचत बसल्यामुळे. वाचताना सगळं पटतं. कोऱ्या कागदावर हात हलत नाही. तेव्हा वाचन बंद. प्रश्न घे, उत्तर झाकून ठेव, आणि प्रत्येक वेळी याच क्रमाने विचार: कार्बन प्राथमिक, द्वितीयक की तृतीयक, समोरचा न्यूक्लिओफाइल आहे की दणकट बेस, सॉल्व्हंट प्रोटिक की एप्रोटिक, उष्णता दिली आहे का. तृतीयकावर एसएन२ होत नाही, हे तू मेलमध्येच चुकवलं आहेस. बाण इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासून काढ. प्रोटॉनपासून निघालेला बाण दिसला की गुण गेले. एक प्रश्न आज सोडव, दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा, आठवड्याने पुन्हा. एका बैठकीत ५० मिनिटं, मग उठ. जड बैठका सकाळी १० ते १२ मध्ये ग्रंथालयात ठेव, अंथरुणावर पुस्तक घेऊन बसू नकोस. संध्याकाळच्या सरावानंतर नवीन काही उघडू नकोस, फक्त जुने प्रश्न. बसमध्ये कार्ड घेऊन आठवण तपासता येते, अभिक्रियांच्या पायऱ्या लिहिता येत नाहीत. हलत्या बसमध्ये तो हट्ट करून मान आणि डोकं दोन्ही धरतात.

आणि पाठ केलेलं डोक्यात बसतं ते झोपेत. म्हणजे झोपेचे ते ६० तास अभ्यासाच्याच खात्यातले आहेत. सरावाच्याही.

ते साठ कुठून येतात? सोमवार, बुधवार, शुक्रवारी ५ ला उठायचं, म्हणून आदल्या रात्री साडेनऊला दिवा बंद: साडेसात तास, त्रिक साडेबावीस. उरलेल्या चार रात्री १० ते ७: छत्तीस. साडेअठ्ठावन्न झाले. पहाटेच्या सरावाच्या तीन दिवशी दुपारी ३ च्या आत २५ मिनिटांची डुलकी, गजर लावून. त्यापुढे झोपलीस तर जड होऊन उठशील आणि रात्रीची झोप पळेल. कॉफी दुपारी १२ नंतर नाही: कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पहाटेच्या पोहण्यानंतर तासाभरात पोटभर खा, नाहीतर १० च्या बैठकीत भुकेला तू थकवा समजशील.

एक गोष्ट तू सहज लिहून गेलीस आणि मी तीनदा वाचली: 'रूममेट म्हणाली, तिच्याकडे एकाग्रतेची गोळी आहे, एका रात्रीपुरती.' हात लावू नकोस. ती अ‍ॅम्फेटामिनच्या जातीची असते, एनसीएएच्या प्रतिबंधित यादीत आहे, आणि तुझ्या नावाची चिठ्ठी नसताना ती घेणं गुन्हाही आहे. चाचणीत सापडलीस तर पूर्ण वर्षाची पात्रता जाते. 'अभ्यासासाठी घेतली होती' हा बचाव तिथे चालत नाही. आणि काय करते ती गोळी? झोपेतून उसनं काढून देते, याच व्याजाने.

घरून बाबा म्हणताहेत की पोहणं सोड, तिथे शिकायला गेली आहेस. त्यांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. शिकागो विद्यापीठाने नेमकं हेच केलं होतं: कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन सन्मान १९३५ मध्ये पहिल्यांदा मिळवणारा खेळाडू तिथला, आणि १९३९ मध्ये, मिशिगनकडून ८५-० असा मार खाल्लेल्या हंगामानंतर, विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉल बंद केला. तीस वर्षांनी, १९६९ मध्ये, तो परत आणला; आज तो एनसीएएच्या तिसऱ्या विभागात आहे, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. म्हणजे बंद करणाऱ्यांनाही शेवटी खेळ हवाच होता, फक्त आपल्या मापाचा. बाबांना मी सांगेन, पण आधी तू त्यांना १६८ चा कागद पाठव. त्यात पोहण्याचे २० आणि झोपेचे ६० शेजारी दिसले की त्यांचा सूर बदलेल. त्यांना भीती पोहण्याची नाही, तुझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांची आहे.

मीटच्या आठवड्यात सगळ्यात महत्त्वाची रात्र गुरुवारची. शुक्रवारी परक्या गादीवर, शेजारी तीन उत्साही मुली असताना झोप थोडी कमीच लागणार, त्याची चिंता करू नकोस. बुधवार आणि गुरुवार नीट झोपलेली असलीस तर एक अर्धवट रात्र शरीर पेलतं. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांची पट्टी बॅगेत टाक. शनिवारी पहिले १०० यार्ड आवर, गर्दीच्या आवाजावर हात टाकू नकोस. तू भारतात ५० मीटरच्या तलावावर वाढलीस, इथे २५ यार्डांच्या तलावात दोनशेला सात टर्न आहेत, आणि प्रत्येक टर्ननंतर ठरलेल्या पाच किक. त्यातली एकही सोडू नकोस.

आज सल्लागाराकडे जाताना तीन कागद ने: सत्राच्या सगळ्या परीक्षांच्या तारखा, संघाचं वेळापत्रक, आणि पदवीला लागू क्रेडिट्सचा उतारा. ते हौसेचे दोन कोर्स धरले जातात का, हे लेखी घे. प्राध्यापक काय म्हणाले ते मला कळव. पण मेल रात्री साडेनऊनंतर पाठवलीस तर मी उत्तर देणार नाही.

तुझा,
काका